कार्ड नसलेल्या मशीनवर थ्रीडी टॉवेल: सीपीयू कुठवर ओढेल?

टेरीटॉवेल | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी डिझाइन बघतो. जकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) चढवायची नक्षी संगणकावर काढायची, रंग बसवायचे, फाइल मागाला द्यायची, हे रोजचं काम. गेल्या वर्षभरात त्यात भर पडली. बाहेरच्या गिऱ्हाइकाला नमुना विणण्याआधी चित्र हवं असतं. घडी घातलेल्या सहा टॉवेलांची चळत, खिडकीतून येणारा उजेड, वरच्या टॉवेलाचा एक कोपरा दुमडलेला. नमुना विणायचा म्हणजे ताणा (मागावरचे उभे धागे) लावण्यापासून सगळं आलं आणि तेवढा वेळ एक माग अडकतो. चित्रावरच पसंती मिळाली तर हे सगळं वाचतं. म्हणून मी ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर शिकलो.

आता अडचण. कारखान्यातलं मशीन तसं नवं आहे. सहा कोअरचा (गणित करणाऱ्या सहा भागांचा) आय-५ १२४०० प्रोसेसर (सीपीयू), ३२ जीबी रॅम, एका ओळखीच्या माणसाने घालून दिलेलं लिनक्स. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. टॉवेल पडद्यावर फिरवायला गेलं की माऊस आधी पोचतो, टॉवेल मागून अडखळत येतो आणि पंखा घरघरायला लागतो. शेवटचं मोठं चित्र रात्री लावून गेलो की सकाळी तयार असतं, त्याबद्दल तक्रार नाही.

मालकांकडे कार्ड मागायला गेलो तर ते म्हणाले, "एवढा चांगला प्रोसेसर घेतलाय, त्याला चित्र काढता येत नाही का?" मला उत्तर देता आलं नाही, आणि ते मनाला लागून राहिलंय. कार्ड जलद असतं हे मलाही ठाऊक आहे. का जलद असतं, ते सांगा की ओ.

सातरस्ता | सोमवार, रात्री ११:०५

कार्ड घ्याच. माझ्याकडे दोन वर्षं आहे, व्हिडिओचं काम करतो. फक्त आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार आधी करा. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतं, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. आरटीएक्स ३०६० सारखं कार्ड १७० वॉट खातं आणि ती सगळी उष्णता त्याच खोलीत सोडतं. खोलीत हवा खेळती नसेल तर कार्ड तापून स्वतःचा वेग उतरवतं. वीज गेल्यावर इन्व्हर्टर तेवढा भार ओढेल का, तेही बघून ठेवा.

जुनी_गिरणी | मंगळवार, सकाळी ७:१५

कार्डाचं नंतर बघू. आधी सांगा, सध्या चित्र काढतंय कोण? तुमच्या १२४०० मध्ये स्वतःचं छोटं ग्राफिक्स आहे, यूएचडी ७३० नावाचं. त्याच्यावर सहा टॉवेल फिरवणं एवढं जड जायला नको.

टर्मिनल उघडून ‘जीएलएक्सइन्फो’ चालवा आणि रेंडररच्या (चित्र काढणाऱ्याच्या) ओळीत काय येतं ते इथे लिहा.

टेरीटॉवेल | मंगळवार, दुपारी १:२०

लिहून आणलंय: ‘एलएलव्हीएमपाइप’, पुढे कंसात आवृत्ती आणि ‘२५६ बिट्स’. इंटेलचं नाव कुठेच नाही. हे काय आहे?

जुनी_गिरणी | मंगळवार, रात्री ९:५०

मला वाटलंच होतं. तुमच्या मशीनवर आत्ता कुठलंच ग्राफिक्स हार्डवेअर चित्र काढत नाहीये. टॉवेलाचा प्रत्येक पिक्सेल तुमचा सीपीयू स्वतः रंगवतोय. तुमच्या मालकांना सांगा, प्रोसेसरला चित्र काढता येतं, आणि तो इतके महिने तेच करतोय.

तुमचा प्रोसेसर २०२२ च्या सुरुवातीला आला. त्यावर घातलेल्या लिनक्सचं कर्नल (गाभा) त्याआधीचं असणार, म्हणून त्याला हे ग्राफिक्स ओळखू आलं नाही. अशा वेळी पडदा काळा पडू नये म्हणून लिनक्समधलं मेसा (चित्र काढायचं सॉफ्टवेअर) हे काम एलएलव्हीएमपाइपकडे देतं. विंडोजमध्ये हीच जागा वार्प नावाच्या रेंडररची आहे, विंडोज ७ पासून. क्रोम ब्राउझरमध्ये स्विफ्टशेडर होतं. हे सगळे सॉफ्टवेअर रेंडरर. यांना मी फार मानतो. व्हर्च्युअल मशीन, सर्व्हर, चाचण्या घेणारी यंत्रं, जिथे जिथे कार्ड नाही तिथे हेच चित्र उभं करतात.

आता तुमचा खरा प्रश्न. आधी हिशेब करू, त्याशिवाय ‘जलद’ शब्दाला अर्थ येत नाही.

पडदा १९२० बाय १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल. सेकंदाला ६० वेळा काढायचे तर १२ कोटी ४४ लाख. तुमचे सहा कोअर साधारण ४ गिगाहर्ट्झने चालतात, म्हणजे सगळे मिळून सेकंदाला प्रोसेसरच्या घड्याळाचे २४०० कोटी ठोके. भागाकार केला तर एका पिक्सेलच्या वाट्याला १९० च्या आसपास ठोके येतात. ऐकायला भरपूर वाटतात. पण टॉवेलावर टॉवेल आहे, एकाच पिक्सेलवर दोन-तीनदा रंग चढतो. मग उरले साठ ते पंचाण्णव. त्यात, टॉवेल ज्या बारीक त्रिकोणांचा बनतो त्यातल्या त्रिकोणाच्या आत पिक्सेल आहे की बाहेर ते तपासायचं, खोली (कोण पुढे, कोण मागे) तपासायची, उजेडाचं गणित करायचं, आणि नक्षीतला रंग उचलायचा.

यातलं शेवटचं काम सगळ्यात फसवं आहे. नक्षीतला एक रंग उचलायचा म्हणजे शेजारचे चार ठिपके वाचून त्यांचं प्रमाणशीर मिश्रण करायचं. टॉवेल लांब गेला तर नक्षी मुंग्यांसारखी वळवळू नये म्हणून तिच्या लहान लहान प्रती आधीच करून ठेवलेल्या असतात. मग दोन प्रतींमधून चार-चार, म्हणजे आठ ठिपके. प्रत्येकाचा मेमरीतला पत्ता काढा, वाचा, उलगडा, वजन लावा, बेरीज करा. सीपीयूला यातली प्रत्येक पायरी वेगळी सूचना म्हणून करावी लागते. ग्राफिक्स हार्डवेअरमध्ये हे सगळं करणारा भाग सिलिकॉनमध्येच कोरलेला असतो. त्याला फक्त ‘इथला रंग दे’ म्हणायचं.

याची साक्ष खुद्द इंटेलनेच दिलेली आहे. लॅराबी नावाची चिप त्यांनी २००८ मध्ये मांडली. पुष्कळ साधे एक्स८६ (नेहमीच्या इंटेल प्रोसेसरच्या जातीचे) कोअर, प्रत्येकाला ५१२ बिटांचं रुंद गणित, आणि जवळपास सगळं रेंडरिंग सॉफ्टवेअरमध्ये. त्रिकोण भरणंही सॉफ्टवेअरमध्ये. पण नक्षीतला रंग उचलणारा भाग त्यांनीही हार्डवेअरमध्येच ठेवला, कारण त्यांच्याच निबंधानुसार सॉफ्टवेअरमध्ये त्याला १२ ते ४० पट वेळ लागला असता. डिसेंबर २००९ मध्ये ग्राफिक्स कार्ड म्हणून ती चिप बाजारात न आणण्याचं ठरलं आणि ते काम पुढे झिऑन फाय नावाच्या गणनेच्या चिपांकडे वळलं.

पिक्सेलवेडी | मंगळवार, रात्री ११:३०

गिरणीदादा, सुरेख मांडलंत. मी हा विषय कॉलेजात शिकवते, म्हणून थोडी मागची गोष्ट सांगते. सीपीयूवर रेंडरिंग म्हणजे नाइलाज असं नवीन मुलांना वाटतं आणि मला ते फार खटकतं.

१९९६ मध्ये क्वेक हा थ्रीडी गेम आला तेव्हा बहुतेकांकडे थ्रीडी कार्ड नव्हतंच. सगळं पेंटियम प्रोसेसरवर, ३२० बाय २०० च्या पडद्यावर. भिंतीवरची नक्षी लांब जाताना बरोबर आवळायची तर प्रत्येक पिक्सेलला एक भागाकार लागतो, आणि भागाकार तेव्हा फार महाग होता. क्वेकचे प्रोग्रामर जॉन कारमॅक आणि मायकेल अॅब्रॅश यांनी काय केलं? भागाकार दर १६ पिक्सेलांना एकदाच केला आणि मधले पिक्सेल सरळ रेषेने भरले. त्यातही पुढच्या १६ चा भागाकार पेंटियमच्या अपूर्णांक-विभागात सुरू करून द्यायचा, आणि तो होईपर्यंत पूर्णांक-विभागाने आधीचे १६ रंगवायचे. भागाकाराचा बहुतेक वेळ असा कामाच्या पोटात लपवला. भिंतीवरचा उजेड आणि नक्षी एकदा गुणून ते रंगवलेले तुकडे जपून ठेवले, म्हणजे पुढच्या फ्रेमला परत गुणायला नको. हे मी दरवर्षी फळ्यावर सोडवते आणि दरवर्षी वर्गात शांतता पसरते.

त्याच वर्षी थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू हे थ्रीडी कार्ड आलं. ४ एमबी मेमरी. साध्या पडद्यासाठी दुसरं कार्ड लागायचंच, दोन्ही केबलने जोडायची. पण प्रत्येक पिक्सेलला पूर्ण बरोबर आवळणं आणि मिश्रण, ६४० बाय ४८० ला. पेंटियमवर कमावलेली ती सगळी युक्ती तिथे लागतच नव्हती. त्रिकोणांच्या कोपऱ्यांचं गणित मात्र अजून सीपीयूच करायचा. ते १९९९ मध्ये जीफोर्स २५६ या कार्डाने आपल्याकडे घेतलं. मग शेडर (कार्डावर चालणारे रंग-उजेडाचे छोटे प्रोग्राम) आले, आणि २००७ मध्ये एनव्हिडियाची कुडा ही प्रोग्रामिंगची सोय आल्यावर कार्ड चित्राखेरीजही काहीही मोजायला लागलं.

जकार्डमास्तर | बुधवार, सकाळी ६:१०

मी या विषयातला नाही. तीस वर्षं जकार्डवर गेली, आधी पुठ्ठ्याच्या भोकांवर, आता इलेक्ट्रॉनिकवर. ही चर्चा वाचली कारण टॉवेलाचं नाव दिसलं. मला एवढंच कळलं नाही की, कार्डामध्ये हजारो कोअर असतात म्हणतात, मग ते हजार माणसांसारखे आपापलं काम करतात का?

जुनी_गिरणी | बुधवार, रात्री ८:४०

मास्तर, तुमच्या या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच मागावर आहे, आणि हे मी उपमा म्हणून सांगत नाही.

एनव्हिडियाच्या कार्डात ३२ धाग्यांचा (एकाच वेळी चालणाऱ्या गणितांचा) एक गट असतो. त्या गटाला त्यांनी नाव दिलंय ‘वार्प’. आपण ज्याला ताणा म्हणतो तोच शब्द, विणकामातूनच उचललेला, असं त्यांच्या कुडाच्या पुस्तिकेतच लिहिलंय. (वर विंडोजचा वार्प म्हणालो तो वेगळा, त्याचा मागाशी संबंध नाही.) या ३२ ना एका वेळी एकच सूचना मिळते. आडवा धागा जसा सगळ्या ताण्यातून एका फेकीत जातो तसं. म्हणजे ती हजार सुटी माणसं नव्हेत. ३०६० मध्ये ३५८४ कोअर मोजतात, पण ते असे ताण्याताण्याने चालतात.

सुट्या हजार माणसांना सूचना वाचायला, समजायला, पुढचा अंदाज बांधायला हजार डोकी लागली असती. सीपीयूच्या कोअरमध्ये बरीचशी जागा या डोक्यावरच जाते. कार्ड एक डोकं ३२ हातांना देतं आणि वाचलेल्या जागेत आणखी हात बसवतं.

जकार्डमास्तर | बुधवार, रात्री ९:१५

हे बरोबर बसलं. पण ताण्यातले सगळे धागे एकदम उचलत नाहीत हो. नक्षीप्रमाणे धागे उचलणारे हूक काही वर, काही खाली. आडवा धागा जातो सगळ्यांमधूनच. जो खाली राहिला त्याच्यावर त्या फेकीत नक्षी उठत नाही, पण फेक तर झालीच, वेळ गेलाच. तुमच्याकडे तसं होतं का?

जुनी_गिरणी | बुधवार, रात्री ९:४०

मास्तर, अगदी तसंच होतं. ३२ पैकी २० पिक्सेलांवर ऊन आहे, १२ सावलीत आहेत. उन्हाचं गणित चालतं तेव्हा १२ हूक खाली. मग सावलीचं गणित चालतं तेव्हा २० हूक खाली. वेळ दोन्ही फेकींचा लागतो. शेजारचे पिक्सेल एकसारखे असले की कार्ड उडतं. प्रत्येकाची वाट वेगळी झाली की तेच कार्ड जड होतं.

आणि टेरीटॉवेल, तुमच्या ओळीतले ते ‘२५६ बिट्स’ म्हणजे हेच, लहान मापात. एलएलव्हीएमपाइप तुमच्या सीपीयूवर ८ धाग्यांचा ताणा लावतो, ३२ बिटांचे ८ आकडे एका सूचनेत. शेडर आला की तो तिथल्या तिथे यंत्रभाषेत उतरवतो, पडद्याचे ६४ बाय ६४ चे चौकोन पाडतो आणि एकेक चौकोन एकेका कोअरला वाटून देतो. एवढ्या चौकोनाचे रंग १६ केबीत बसतात, खोली तेवढ्याच जागेत. सगळं कोअरच्या जवळच्या कॅशमध्ये (छोट्या जलद मेमरीत) राहतं, दर पिक्सेलला रॅमपर्यंत जावं लागत नाही. फार विचार करून केलेलं काम आहे ते.

आता नवं कर्नल घाला आणि पुन्हा तीच ओळ बघा.

टेरीटॉवेल | शुक्रवार, रात्री १०:३०

घातलं. ओळीत इंटेलचं नाव आलं आणि टॉवेल फिरला! माऊसबरोबर फिरतो, पंख्याचा आवाज नाही. आठ महिने मी त्या अडखळण्यावर चिडत होतो.

पण आता नवा गोंधळ. हे छोटं ग्राफिक्स त्याच प्रोसेसरच्या पोटात आहे, तीच रॅम वापरतं. मग एवढा फरक आला कुठून? त्याच्यात गणिताची ताकद जास्त आहे का?

जुनी_गिरणी | शनिवार, सकाळी ८:२०

या प्रश्नाची मी वाट बघत होतो. ताकद जास्त नाही. कमी आहे!

तुमच्या सहा कोअरची कमाल: दर ठोक्याला प्रत्येकी ३२ अपूर्णांक-क्रिया, ४ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ७६८ अब्ज. यूएचडी ७३० मध्ये २४ युनिट, दर ठोक्याला प्रत्येकी १६ क्रिया, १.४५ गिगाहर्ट्झ, म्हणजे साधारण ५५७ अब्ज. रॅम दोघांची एकच. तुमच्याकडे डीडीआर४-३२०० च्या दोन पट्ट्या असतील तर दोघांच्या वाट्याला मिळून ५१.२ जीबी प्रतिसेकंद, त्याहून थेंबभर जास्त नाही.

म्हणजे गणित कमी, मेमरी तीच, तरी टॉवेल सहज फिरतो. राहिलं काय? सिलिकॉनमध्ये कोरलेले ते भाग. त्रिकोण भरणारा, खोली तपासणारा, रंग उचलणारा, मिसळणारा. शिवाय सीपीयू मोकळा राहिला, ब्लेंडरच्या बाकीच्या कामाला. तुमच्या टेबलावर आठवडाभरात हा प्रयोग आपोआप झाला, असा स्वच्छ प्रयोग मुद्दाम करूनही साधत नाही.

वेगळं कार्ड त्यावर आणखी दोन गोष्टी देतं: भरपूर जास्त गणित आणि स्वतःची रुंद मेमरी. ३०६० च्या १२ जीबी आवृत्तीत ३६० जीबी प्रतिसेकंद. तुमच्या रॅमच्या सातपट.

पिक्सेलवेडी | शनिवार, सकाळी ११:००

एक भर घालते, कारण कोरलेले भाग नेहमी जिंकतात असं कुणी समजू नये. ते त्रिकोण भरताना २ बाय २ च्या चौकड्यांत काम करतात, नक्षीची कुठली प्रत घ्यायची ते शेजाऱ्याशी तुलना करून ठरतं म्हणून. त्रिकोण मोठे असले तर ठीक. पण त्रिकोणच पिक्सेलएवढा झाला तर चारातले तीन वाया. म्हणून अनरियल इंजिन ५ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधलं नॅनाइट लहान त्रिकोणांसाठी हार्डवेअरचा भरणारा भाग बाजूला ठेवतं आणि सॉफ्टवेअरने भरतं, कार्डाच्याच कोअरवर. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला ग्राफिक्समधला हा सगळ्यात सुंदर निर्णय.

सातरस्ता | शनिवार, दुपारी २:१०

मग रात्रीच्या चित्राचं काय? तेही आता या छोट्या ग्राफिक्सवर होईल का?

जुनी_गिरणी | शनिवार, रात्री ९:००

नाही. ते काम वेगळ्या जातीचं आहे आणि इथेच बरेच जण गल्लत करतात. दिवसा टॉवेल फिरतो तो त्रिकोण भरून. रात्री ब्लेंडरचं सायकल्स चालतं, ते प्रकाशाच्या किरणांचा माग काढतं. एक किरण टॉवेलावर आपटून कुठेही उडतो, शेजारचा भलतीकडेच. मास्तरांच्या भाषेत, बरेच हूक खाली. यूएचडी ७३० ला सायकल्स वापरतच नाही, ते सहा कोअरवरच चालतं. मोठ्या कार्डावर जलद होतं हे खरं, आरटीएक्स कार्डांत किरण कुठे आपटला ते शोधणारा भागही कोरलेला आहे. पण तिथे मेमरी आडवी येते.

तुमच्याच टॉवेलाचा हिशेब करा. ७० बाय १४० सेंटिमीटर, दर चौरस सेंटिमीटरला २५ लूप धरले तर दोन्ही बाजूंचे ४ लाख ९० हजार. प्रत्येक लूपवर २० तंतू, प्रत्येक तंतूला ८ बिंदू, बिंदूला १६ बाइट. एका टॉवेलाला सव्वा जीबी, सहाच्या चळतीला साडेसात. किरण शोधायला लागणारी सूची वेगळीच. ४ जीबीच्या स्वस्त कार्डावर हे मावणार नाही. मग ते रॅमचा आधार घेतं आणि वेग पडतो. तुमच्याकडे ३२ जीबी रॅम आहे, सीपीयूला ती सगळी मोकळी. चित्रपटांची मोठी दृश्यं वर्षानुवर्षं सीपीयूंच्या शेतांवर (एकत्र चालणाऱ्या मशीनच्या ताफ्यांवर) रेंडर झाली, त्यामागे मेमरी हे मोठं कारण होतं. टॉय स्टोरी १९९५ मध्ये सन कंपनीच्या ११७ मशीनवर झाला.

सहा टॉवेल एकाच सांगाड्याच्या प्रती म्हणून ठेवता आले तर मेमरी बरीच वाचेल. पण घड्या वेगवेगळ्या असतील तर ते जमत नाही.

टेरीटॉवेल | रविवार, सायंकाळी ६:४५

आज मालकांना टॉवेल फिरवून दाखवला. त्यांच्या प्रश्नाचं उत्तरही दिलं: प्रोसेसर चित्र काढतो, पण पडद्यावर फिरवायचं काम त्याच्याच पोटातल्या दुसऱ्या भागाचं होतं आणि तो भाग आपण झोपवून ठेवला होता. त्यांनी दोनदा विचारून घेतलं. कार्ड आत्ता नको असं माझं मीच सांगितलं. रात्री लावून सकाळी मिळणारं चित्र आम्हाला पुरतं. रोज तीन-चार चित्रं लागायला लागली तर १२ जीबीचंच मागायचं, ४ जीबीचं नाही, हेही ठरलं. चळतीचं ताजं चित्र खाली जोडलंय.

जकार्डमास्तर | रविवार, रात्री ८:३०

चित्र बघितलं. उजेड छान आलाय, दुमडलेला कोपरा तर हात लावून बघावा असा. एक चूक आहे. सगळे लूप सरळ उभे दिसतात, नुकते मागावरून उतरल्यासारखे. गिऱ्हाइकाला मिळतो तो धुतलेला टॉवेल. धुतल्यावर लूप कलंडतात, पिळवटतात, एकमेकांत शिरतात, आणि त्यामुळे रंग थोडा गडद दिसतो.

टेरीटॉवेल | रविवार, रात्री ९:१०

मास्तर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. धुतलेला एक टॉवेल शेजारी ठेवून लूप कलवतोय. आता दिवसा फिरवून फिरवून बघता येतं, म्हणून तासाभरात जमेल. आज रात्री परत लावून जातो, सकाळी चित्र टाकतो.